शिस्त आहे, मर्यादा नाही

अंटार्क्टिकाला निघालेल्या प्रवाशाला जहाजावर सगळ्यात आधी शिकवतात ते अंतर. पेंग्विनपासून ५ मीटर, फर सीलपासून १५ मीटर. मग झाडलोट. जॅकेटच्या शिवणी, बॅगेचे कोपरे, वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमने साफ करायच्या, कारण कुठल्या तरी गवताचं बी त्यांत अडकून आलेलं असू शकतं. रबरी बोटीत बसण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवायचे, परत आल्यावर पुन्हा धुवायचे. किनाऱ्यावर एका वेळी १०० पेक्षा जास्त माणसं नकोत आणि २० जणांमागे एक गाइड हवाच. पेंग्विनांच्या ये-जा करण्याने बर्फात खोलगट वाटा पडलेल्या असतात. तिथे माणसाने थांबायचं आणि पक्ष्याला आधी जाऊ द्यायचं. ५ मीटरचा नियम पेंग्विनला कुणी सांगितलेला नसल्यामुळे तो खुशाल चालत येतो आणि बुटाला चोच लावून बघतो. तेव्हा आपण पुतळा व्हायचं.

नियम चांगले आहेत आणि बऱ्याच जहाजांवर ते मनापासून पाळले जातात. मी स्वतः तिथे गेलेलो नाही. जायची इच्छा मात्र जुनी आहे, आणि हा लेख लिहून ती कमी होईल असं काही वाटत नाही. तेव्हा पुढचं सगळं एका संभाव्य गिऱ्हाइकाचं म्हणणं आहे असं समजून वाचा.

म्हणणं असं की, हे सगळे नियम आलेल्या माणसाने कसं वागायचं ते ठरवतात. एकूण किती माणसांनी यायचं, ते कुणीच ठरवत नाही.

लार्स-एरिक लिंडब्लॅड यांनी १९६६ साली ५७ प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेलं, तिथून या प्रकारच्या सहली सुरू झाल्या असं मानतात. १९९१ मध्ये सात कंपन्यांनी एकत्र येऊन सहल कंपन्यांची संघटना काढली. ‘आयएटो’ या नावाने ती ओळखली जाते. त्या काळी एका मोसमात सहा-सात हजार लोक जात. २०२३-२४ च्या मोसमात हा आकडा सुमारे १ लाख २२ हजारांवर गेला. त्यांतले साधारण एकतृतीयांश जहाजाच्या डेकवरूनच बघून परतले, बाकीच्यांनी जमिनीवर पाय ठेवला.

यावर लगेच उत्तर येतं की अंटार्क्टिका हा आख्खा खंड आहे, तिथे लाखभर माणसं म्हणजे दर्या में खसखस. नकाशा बघितला तर हे पटतं, किनारा बघितला तर पटत नाही. या खंडाचा एक टक्क्याहूनही कमी भाग बर्फाबाहेर उघडा आहे. जेंटू, अ‍ॅडेली अशा पेंग्विनांना अंडी घालायला बर्फ वितळलेली खडकाळ जागा लागते, गोटे गोळा करून घरटं रचता येईल अशी, आणि समुद्रातून चढून यायला बेताचा उतार लागतो. रबरी बोट लावायलाही नेमकी अशीच जागा लागते. घरटी असतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च, आणि बर्फ फुटून जहाजांना वाट मिळते तीही त्याच महिन्यांत. जवळजवळ सगळ्या सहली दक्षिण अमेरिकेसमोरच्या द्वीपकल्पाच्या पश्चिम अंगाला एकवटलेल्या आहेत. कव्हरव्हिल बेट, नेको हार्बर, हाफ मून बेट, पीटरमन बेट, डिसेप्शन बेटावरचा व्हेलर्स बे, ही नावं जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत सापडतात. म्हणजे एवढ्या मोठ्या खंडातल्या मूठभर किनाऱ्यांवर, वर्षातल्या मूठभर आठवड्यांत, दोन्ही बाजूंची गर्दी एकाच दारात उभी आहे.

आता या गर्दीने पेंग्विनांचं नक्की बिघडतं काय? इथे मला सावध राहायला हवं, कारण पुरावा माझ्या बाजूने वाटतो तितका सरळ नाही. पोर्ट लॉक्रॉय इथे एक जुना ब्रिटिश तळ आहे, आता तिथे छोटं संग्रहालय आणि पोस्ट ऑफिस चालतं. त्या इवल्याशा बेटाचा एक भाग पर्यटकांना खुला आणि एक भाग बंद ठेवून जेंटू पेंग्विनांची वर्षानुवर्षं मोजणी केली गेली. पिल्लं किती जगली याची दोन्हीकडची तुलना केली, तेव्हा माणसांच्या येण्याने मोठा फरक पडल्याचं दिसलं नाही. बर्फ किती पडला, समुद्रात अन्न किती मिळालं, याचा परिणाम त्याहून कितीतरी जास्त. द्वीपकल्पावर अ‍ॅडेली पेंग्विन घटताहेत आणि जेंटू दक्षिणेकडे पसरताहेत, यातही मुख्य हात तापमानाचा आणि समुद्री बर्फाचा आहे. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउसन समुद्राकाठच्या एम्परर पेंग्विनांच्या (हे समुद्री बर्फावरच पिल्लं वाढवतात) पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत पिल्लं वाचली नाहीत. पिसं जलरोधक होण्याआधीच त्यांच्या पायाखालचा बर्फ फुटला होता. कॅमेरा घेऊन आलेल्या एकाही पर्यटकाचा त्यात थेट संबंध नव्हता.

मग पर्यटक निर्दोष? तेही नाही. संशोधकांनी अंड्यासारखी दिसणारी उपकरणं घरट्यात ठेवून पक्ष्यांच्या हृदयाचे ठोके मोजले आहेत. माणूस हळू, शांतपणे आला तर काही जातींत फारसा फरक पडत नाही. काही वेळा मात्र पक्षी जागचा हलत नाही, मानही वळवत नाही, आणि आत ठोके वाढलेले असतात. शांत दिसणं आणि शांत असणं यांत हा एवढा फरक आहे, आणि आपल्या हातात फक्त दिसणं आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस पिसं झडत असलेला पेंग्विन घ्या. दोन-तीन आठवडे तो एका जागी उभा असतो, अंगावरची पिसं झुबक्यांनी गळत असतात. फोटोसाठी यासारखा सोशिक प्राणी नाही. खरं तर तो उपाशी असतो. नवी पिसं येईपर्यंत त्याला पाण्यात जाता येत नाही, म्हणजे खाताही येत नाही आणि पळताही येत नाही. त्याच्यासाठी ५ मीटर पुरेसे आहेत की नाहीत हे त्याच्याकडे बघून कळणार नाही.

नुकसान असेल तर ते एका भेटीत दिसणारं नाही, बेरजेत साठणारं आहे. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांच्या कपड्या-बुटांतून किती बिया जातात याची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली होती. सरासरी माणशी ९.५ बिया निघाल्या. गंमत म्हणजे पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांच्या सामानात जास्त बिया होत्या, म्हणजे इथेही सभ्यतेत पर्यटकच पुढे. पण माणशी कमी बिया गुणिले लाख माणसं हा हिशेब कुठलाही व्हॅक्यूम करत नाही. जहाजांच्या आणि तळांवरच्या इंधनाची काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडतो, ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. २०२२ च्या एका अभ्यासाने याचा अंदाज दिला: २०१६ ते २०२० या काळात आलेल्या प्रत्येक पाहुण्यामागे सुमारे ८३ टन बर्फ वेळेआधी वितळला. पेंग्विनपासून अदबीने ५ मीटर दूर उभ्या राहिलेल्या माणसाच्या नावावरही हे ८३ टन आहेत.

बर्ड फ्लूने तर हे दुखणं उघडंच पाडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटालगतच्या बर्ड आयलंडवर तपकिरी स्कुआ या समुद्रपक्ष्यांमध्ये हा विषाणू सापडला, फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर. साउथ जॉर्जियात एलिफंट सीलच्या प्रजननक्षम माद्यांची संख्या २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास घटली. विषाणू पक्ष्यांनी आणला, जहाजांनी नाही. सहल कंपन्यांनी तत्परता दाखवली हेही खरं: जमिनीवर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग खाली ठेवायची नाही, मेलेले पक्षी दिसले तर उतरायचंच नाही. काही किनारे बंद झाले. मग जहाजं दुसऱ्या, उघड्या किनाऱ्यांकडे वळली. कमी किनारे, तेवढीच माणसं. त्या मोसमात पर्यटकांचा आकडा खाली आला नाही, तो तोवरचा सर्वांत मोठा ठरला.

आता उत्तर ध्रुवाकडे बघू, कारण तिथे एक वेगळी गोष्ट घडली आहे. स्वालबार्ड हा द्वीपसमूह नॉर्वेच्या अखत्यारीत आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे नवे नियम लागू झाले. संरक्षित क्षेत्रांत जाणाऱ्या जहाजावर २०० पेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत. त्या क्षेत्रांत किनाऱ्यावर उतरायचं तर ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच. आणि ध्रुवीय अस्वलापासून अंतर किमान ३०० मीटर. १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर.

३०० मीटरवरचं अस्वल म्हणजे काय? पांढऱ्या बर्फावर एक पिवळसर ठिपका. दुर्बिणीतून त्याला पाय फुटतात, तो थांबतो, नाक वर करून वास घेतो. नुसत्या डोळ्यांनी ठिपकाच. नियम जाहीर झाले तेव्हा सहल-व्यावसायिकांकडून ओरड झाली की एवढ्या अंतरावरून लोकांना काय दाखवायचं. हा प्रश्न मला फार प्रामाणिक वाटला. कारण त्यातून कळतं की तिकिटाबरोबर विकलं जात होतं ते अस्वल नव्हतं, जवळीक होती. माहितीपत्रकांवर अस्वल नेहमी पान भरून असतं, डोळ्यांतली चमक दिसेल इतकं. असा फोटो पाहून पैसे भरलेल्या माणसाला ठिपका दाखवला तर तो चिडणार. पण त्याच्या चिडण्याची भरपाई अस्वलाने का करावी?

आणि अस्वलाने ती केलेली आहे. जुलै २०१८ मध्ये स्वालबार्डच्या अगदी उत्तरेकडच्या बेटांवर एका क्रूझ जहाजाचे रक्षक प्रवासी उतरण्याआधी किनारा सुरक्षित आहे का ते बघायला गेले. एका रक्षकावर अस्वलाने हल्ला केला, त्याच्या सहकाऱ्यांनी गोळ्या घालून अस्वल मारलं. जखमी माणूस वाचला. रक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. समोर सहकारी अस्वलाच्या तावडीत असताना दुसरं कुणी काय केलं असतं? प्रश्न त्याआधीचा आहे. स्वालबार्डमध्ये १९७३ पासून या प्राण्याला कायद्याचं संरक्षण आहे. तरी त्याच्या घरी माणसं उतरवायची, म्हणून आधी बंदूकधारी उतरवायचे, अशी ती व्यवस्था होती.

स्वालबार्डला हे अंतर लादता आलं, कारण तिथे लादणारं सरकार आहे. अंटार्क्टिकात ते नाही. १९५९ च्या करारानुसार तिथल्या मालकीचे सगळे दावे गोठवून ठेवलेत आणि निर्णय होतात ते सल्लागार दर्जाच्या २९ देशांच्या सहमतीने. एकाने मान हलवली नाही की विषय पुढच्या वर्षावर. त्याचा नमुना बघा. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाही किनाऱ्यावर उतरवू नये, एका वेळी १०० माणसं, २० मागे एक गाइड, हा ठराव २००९ मध्ये मंजूर झाला. तो बंधनकारक व्हायला सगळ्या सल्लागार देशांची औपचारिक मान्यता लागते. दीड दशक उलटलं तरी ती पूर्ण झालेली नव्हती. तोवर हे नियम चालले ते कंपन्यांच्या संघटनेने स्वतःवर घालून घेतले म्हणून. याबद्दल संघटनेचं कौतुकच करायला हवं. सरकारं झोपली होती तेव्हा व्यापारी जागे होते. पण शेत राखायचं काम कुंपणावर सोडून मालक निघून गेला तर कुंपण किती दिवस इमानदार राहणार, हा प्रश्न कुंपणाच्या चारित्र्याचा नाही. आपल्या सभासदांनी जहाजं कमी बांधावीत, असा ठराव कुठली व्यापारी संघटना करेल?

२०२४ च्या मे महिन्यात कोचीला करारदेशांची सेहेचाळिसावी बैठक झाली. पर्यटनासाठी सर्वंकष नियमचौकट ठरवायला तिथे वेगळा कार्यगट बसला. उशिरा का होईना, बसला. ‘अंटार्क्टिकात बंधनकारक काही करताच येत नाही’ हा युक्तिवाद तर मला आळशी वाटतो. ऑगस्ट २०११ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तिथल्या पाण्यात जड इंधन तेल वापरायला आणि वाहून न्यायलाही बंदी घातली, आणि ती लागू झाली. जहाजाला झेंडा असतो, झेंड्याला देश असतो, आणि निघायला बंदर लागतं. बहुतेक जहाजं निघतात ती अर्जेंटिनातल्या उशुआयासारख्या मोजक्या बंदरांतून. धरायचं म्हटलं तर धागा हाताशी आहे.

बंदी घाला असं म्हणणारे लोक आहेत. मी त्यांच्यात नाही. पर्यटक गेले की साक्षीदारही जातात. प्रवाशांनी काढलेल्या व्हेलच्या शेपटीच्या फोटोंवरून ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावर एकेक प्राणी ओळखला जातो, कारण हंपबॅक व्हेलच्या शेपटीखालची नक्षी बोटाच्या ठशासारखी वेगळी असते. हौशी लोकांच्या फोटोंतून हजारो व्हेलच्या प्रवासाची नोंद उभी राहिली, ती कुठल्याही एका संशोधन संस्थेला परवडली नसती. साउथ जॉर्जियात शिकारी जहाजांतून आलेल्या उंदरांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा फडशा पाडला होता. ते बेट २०१८ मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं, त्या मोहिमेच्या देणगीदारांत बेट बघून आलेले प्रवासीही होते.

जे मला पटत नाही ते ‘राजदूत’ प्रकरण. बघून आलेला माणूस परत जाऊन ध्रुवप्रदेशाचा राजदूत होतो, म्हणून जितके जास्त येतील तितकं बरं, असा हा दावा. काहींच्या बाबतीत तो खराही असेल. पण प्रवासानंतर लोकांच्या वागण्यात टिकाऊ बदल होतो का, हे ज्यांनी तपासलं त्यांना तसा ठोस पुरावा मिळाला नाही. बर्फ संपण्याआधी बघून घेऊ या ओढीने निघालेल्या माणसाकडून बर्फ वाचवायची अपेक्षा करणं जरा जास्तच होतं. शिवाय राजदूत नेमायचे तर देश काही लाखभर नेमत नाहीत.

मर्यादा हवी, पण कुठल्या मापाची? याचं उत्तर शोधताना मला पुन्हा साउथ जॉर्जिया आठवतं. १९०४ ते १९६५ या काळात त्या एका बेटावर सुमारे १ लाख ७५ हजार व्हेल कापले गेले. ही शिकार बेबंद होती असा आपला समज असतो. तसं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अंटार्क्टिक समुद्रासाठी वार्षिक मर्यादा होती: १६ हजार ‘ब्लू व्हेल युनिट’. एक ब्लू व्हेल म्हणजे एक युनिट, दोन फिन व्हेल म्हणजे एक, अडीच हंपबॅक म्हणजे एक, सहा सेइ व्हेल म्हणजे एक. हे माप कशाचं होतं? व्हेलपासून निघणाऱ्या तेलाचं. कुठल्या जातीचे किती उरलेत याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्यामुळे मर्यादा कागदावर नीट पाळली जात असताना एकेक जात तळाला गेली. आज डेकवरून हंपबॅक उसळताना दिसतो तो पुढे खरी बंदी आली म्हणून.

तेव्हा मोसमाला अमुक हजार तिकिटं असा नुसता आकडा ठरवला, तर तेही तेलाचंच माप होईल. मर्यादा हवी ती किनाऱ्याच्या हिशेबाने: या वसाहतीवर या आठवड्यात किती माणसं, अंडी असताना किती, पिल्लं असताना किती, पिसं झडताना बहुधा शून्य. काही किनारे एक-दोन मोसम पूर्ण बंद ठेवावेत, म्हणजे उघड्या आणि बंद जागांची तुलना पोर्ट लॉक्रॉयसारखी आणखी ठिकाणी होईल. या सगळ्याची बेरीज जी येईल ती एकूण मर्यादा. ती आजच्या आकड्यापेक्षा कमी निघेल असा माझा अंदाज आहे, आणि जास्त निघाली तर मी आनंदाने चूक कबूल करीन.

मग त्या मोजक्या जागा कुणाला द्यायच्या? बाजारावर सोडल्या तर दर चढतील आणि आजच श्रीमंतांची असलेली ही सहल अतिश्रीमंतांची होईल. हा आक्षेप खरा आहे, पण तो मर्यादेवरचा नाही, वाटपावरचा आहे. मला सोडत पसंत आहे. अर्ज करा, नाव आलं तर जा, नाही आलं तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. एकदा जाऊन आलेल्यांना काही वर्षं मागे ठेवा. कंपन्यांनी सोडतीतल्या प्रवाशांना सेवा द्यायची, जागा विकायच्या नाहीत.

अशा सोडतीत माझं नाव निघण्याची शक्यता फार नाही, एवढं गणित मलाही येतं. बहुधा मी पेंग्विनाने बुटाला चोच लावलेली कधीच बघणार नाही. अर्ज मात्र भरीन, आणि नाव निघालं नाही त्या वर्षी दोन दिवस सोडत काढणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडीन.